थंडावलेली तोफ

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या बाईला सगळे तोफ म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर म्हणायची हिंमत आजवर एकालाच झाली होती, ती तिच्या नवऱ्याला, तीही लग्न नवं होतं तेव्हा. त्यानंतर आठवडाभर जेवणात मीठ कमी आहे हे सांगायचीसुद्धा त्याची टाप नव्हती.

तिच्या घोषणेत श्वास घ्यायला जागा नसे. गाडी कुठली, फलाट कुठला, कुठे थांबणार, कुठे थांबणार नाही, आणि वर "खांबाला टेकून सिगारेट ओढणारे निळ्या शर्टवाले काका, मागची पाटी तुमच्यासाठीच लावलीय, वाचता येत नसेल तर वर या, मी वाचून दाखवते," हे सगळं एका दमात. पहिल्या मजल्यावरच्या काचेच्या केबिनमधून तिला सगळं स्थानक दिसायचं आणि जे दिसायचं ते ती बोलायची. चालक गाड्या वेळेवर काढत ते आगारप्रमुखाच्या धाकाने नव्हे. उशीर केला तर ही बाई सगळ्या प्रवाशांदेखत कारण विचारील, या भीतीने काढत.

नवऱ्याचं फोटो फ्रेम करण्याचं दुकान स्थानकाच्या मागच्याच गल्लीत होतं. स्थानकाचा एक कर्णा नेमका त्या गल्लीकडे तोंड करून बसवलेला. म्हणजे या गृहस्थाला बायको घरी ऐकू यायची ती यायचीच, पण दुकानातही सरकारी खर्चाने ऐकू यायची. तो स्वतः अबोल. लाकडाची पट्टी कापताना, काच कापायच्या हिरकणीने रेघ ओढताना, खिळा ठोकताना तोंड बंदच ठेवावं लागतं, आणि ती सवय त्याने घरीही नेली होती. बायको संध्याकाळी भाजी चिरता चिरता आगारप्रमुखाच्या मूर्खपणाची दिवसभरातली कहाणी सांगे आणि तो मधूनमधून "हं" म्हणे. कहाणी लांबली की आतल्या खोलीत त्याची आई टीव्हीचा आवाज वाढवी. कित्येकदा दुकान बंद करून झाल्यावरही तो एकदा झाडलेला भुसा पुन्हा झाडत बसे. तेवढाच घरी जायला उशीर.

मग ही तोफ थंडावू लागली. नेमकी कधीपासून ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण हे दुखणं दार वाजवून येत नाही.

आधी तिला थंडी वाजायला लागली. भर उन्हाळ्यात शाल. पंखा लावला की ती उठून बंद करी, आणि नवरा बनियनवर बसून पुठ्ठ्याने वारा घेई. मग बोटातली अंगठी निघेना. कंगव्यात केसांचे पुंजके. सकाळी चेहरा असा फुगलेला, की कुणी रात्रभर रडलंय असं वाटावं. जेवण निम्म्यावर आलं तरी वजन वाढतच होतं. पोटाचं वेळापत्रक तर असं कोलमडलं, की आगारातल्या सगळ्यात खटारा गाडीलाही तेवढा उशीर होत नसे. वाटाणे सोलता सोलता ती बसल्या जागी झोपून जायची, हातात अर्धी शेंग तशीच.

आणि आवाज. आवाज जाडा झाला, घोगरा झाला आणि मुख्य म्हणजे सावकाश झाला. कर्ण्यातून "फलाट... क्रमांक... तीनवर..." एवढं येईपर्यंत तीनवरची गाडी फाटकाबाहेर पडलेली असायची. प्रवासी तिच्या मागे धावायचे. काहींनी तक्रारी केल्या. आगारप्रमुखाने तिला बोलावून झापलं तर ती उलट बोलली नाही. याचाच त्याला जास्त धक्का बसला म्हणे.

घरात मात्र, खरं सांगायचं तर, आनंदीआनंद होता. घर शांत झालं होतं. भांडी आपटत नव्हती, कहाण्या बंद होत्या, टीव्हीचा आवाज मूळ जागी आला होता. "सून शेवटी माणसात आली," असं सासूबाई दोनदा म्हणाल्या. नवऱ्याने भुसा दुसऱ्यांदा झाडणं सोडून दिलं. वेळेवर घरी यायचा, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, आणि मनात म्हणायचा, वयाने माणूस किती समजूतदार होतं! बायको डोळ्यांदेखत विझत चालली होती आणि याला तो समजूतदारपणा वाटत होता. अशा माणसाला काय म्हणावं? नवरा म्हणावं, दुसरं काय.

बिंग फोडलं ते लेकीने. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायची. व्हिडिओ कॉलवर आईला पाहिलं आणि ती बोलता बोलता थांबली.

"आई, चेहरा किती सुजलाय तुझा! आणि काय गं, दहा मिनिटं झाली, तू मला एकदाही ओरडली नाहीस?"

"कशाला... ओरडायचं," आई म्हणाली.

लेकीने तिथूनच डॉक्टर शोधली, वेळ घेतली आणि बापाला फोनवर असं काही धारेवर धरलं, की आपली तोफ कुठे गेली नसून पुढच्या पिढीत गेलीय, अशी त्याची खात्री पटली.

डॉक्टर तरुण होती आणि तिला गुळमुळीत बोलणं जमत नव्हतं. तिने तोफेच्या गळ्यावर बोटं ठेवली, पाणी गिळायला लावलं, रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी रिपोर्ट पुढ्यात घेऊन बसली.

"इथे, गळ्यात पुढे, एक छोटी ग्रंथी असते. थायरॉइड. शरीराने कुठल्या वेगाने चालायचं ते ती ठरवते. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, खाल्लेलं जाळणं, झोप, पोट, पाळी, केस, सगळीकडे तिचं हॉर्मोन रक्तातून जाऊन सांगतं, चला, हला. लहान मुलात ती सुस्तावली तर मुलाची उंचीच खुंटते. मोठ्यांची वाढायची उंची वाढून झालेली असते, म्हणून मग बाकी सगळं मंदावतं. यांची ग्रंथी जवळजवळ झोपलीय."

रिपोर्टावरचा एक आकडा बघून नवऱ्याला जरा धीर आला होता. "पण हा तर बराच मोठा दिसतोय," तो म्हणाला. महिन्याभरातलं त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य असावं.

"तो थायरॉइडचा नाही. मेंदूच्या तळाशी तिची साहेबीण बसलेली असते, पिट्युटरी. ती हुकूम सोडते, काम कर. खालची ऐकत नाही, म्हणून वरची आणखी ओरडते. आकडा जितका मोठा तितकी आरडाओरड जास्त. आता ती अगदी बोंबलतेय."

हे मात्र त्याला पटकन समजलं. घर शांत आहे म्हणून तो ज्या काळात पेपर वाचत बसला होता, त्या सगळ्या काळात बायकोच्या डोक्यात कुणीतरी जीव तोडून बोंबलत होतं. त्याला ओशाळल्यासारखं झालं. डॉक्टरने गोळी लिहून दिली आणि त्याला चिठ्ठी घेऊन खालच्या औषधाच्या दुकानात पिटाळलं. गोळी कशी घ्यायची, कधी घ्यायची हे डॉक्टर वर तोफेला समजावत होती तेव्हा तो खाली रांगेत उभा होता.

"रोज सकाळी... उठल्या उठल्या... एक," घरी जाताना तोफेने त्याला सांगितलं. एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एक अघटित गोष्ट केली. बायको उठायच्या आत स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. संसाराला पंचवीस वर्षं उलटून गेली होती, पण चहाचं भांडं कुठल्या फळीवर असतं हे त्याला शोधावं लागलं. पहिला चहा उतू गेला. दुसऱ्यात दूध इतकं पडलं की तो लहान मुलाच्या दुधासारखा दिसत होता. तो कप आणि गोळी घेऊन तो पलंगापाशी गेला.

तोफेने कपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा कपाकडे.

"तुम्ही... केलात?"

"हं."

ती बराच वेळ कप हातात धरून बसली. मग गोळी जिभेवर ठेवली आणि त्यावर चहा घेतला, सायीसकट, शेवटच्या घोटापर्यंत. तो खूश झाला. ओशाळलेपणावर उतारा सापडला होता. त्या दिवसापासून रोज सकाळी गोळी आणि चहा हे त्याचं काम झालं. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो आपणहून सांगायला लागला, "सकाळचा चहा मीच करतो आमच्याकडे." गिऱ्हाइकं पोराबाळांचे फोटो फ्रेम करायला आलेली असत, ती "वा वा" म्हणत.

दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा जेमतेम हलला होता. डॉक्टरने डोस वाढवला. पुढच्या खेपेलाही तेच.

"गोळी रोज घेताय ना?"

"हो," तोफ म्हणाली.

"रिकाम्या पोटी?"

"हो."

हा शेजारी बसून जोरात मान हलवत होता. डॉक्टरने कपाळाला आठ्या घातल्या आणि डोस आणखी वाढवला.

ती नवी चिठ्ठी घेऊन तो आपल्या दुकानाशेजारच्या औषधवाल्याकडे गेला. औषधवाला बोलका होता.

"अहो, परत वाढवला? चहाबरोबर तर घेत नाहीत ना वहिनी?"

"का? घेतली तर काय होतं?"

"दुधाच्या चहाबरोबर घेतली की गोळी नीट अंगी लागत नाही. बरीचशी वायाच जाते. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग तासभर तोंडात काही घालायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल की."

"हं," तो म्हणाला आणि पिशवी घेऊन दुकानात येऊन बसला. समोर एका म्हाताऱ्या जोडप्याचा फोटो फ्रेमसाठी पडला होता. त्याने तो उलटा करून ठेवला.

आता सरळ मनाचा माणूस असता तर त्याच संध्याकाळी घरी जाऊन म्हणाला असता, अगं, चुकलंच माझं, उद्यापासून पाणी. आपला हा फोटोंचा चौकटवालाही सरळच होता, फक्त थोडा आळशी सरळ होता. घरी गेला तर घर कसं निवांत. बायको शाल पांघरून बसलेली, आई लसूण सोलतेय ते माळ्यावरच्या मांजरालाही ऐकू जाईल, एवढी शांतता. त्याने पेपर उघडला. उद्या सांगू, असं ठरवलं. सकाळी उठला, हात आपोआप चहाच्या भांड्याकडे गेला. ती चहाची वाट बघते, एकदम बंद केला तर हिरमुसेल, असं त्याने स्वतःला समजावलं. मग त्याच्या पुढच्या सकाळीही समजावलं. पुढे समजावायचीही गरज पडेनाशी झाली.

याला विषप्रयोग म्हणता येणार नाही. विष घालणाऱ्याला निदान लपवाछपवी तरी करावी लागते. याने उघडउघड, वेलची घालून दिलं. बायकोला बरं वाटावं असं त्याला मनापासून वाटत होतं. फक्त ती बरी झाली की बोलायला लागेल, ही एक अडचण होती.

मग एके दिवशी तो काच कापत असताना कर्ण्यातून परक्या बाईचा आवाज आला. गोड, एकसारखा, कुठेही न अडखळणारा. गाडी, फलाट, वेळ, धन्यवाद. पुन्हा गाडी, फलाट, वेळ, धन्यवाद. यंत्र होतं. हिरकणी घसरली आणि काच भलतीकडे तडकली. तो दुकानाच्या दारात येऊन कर्ण्याकडे बघत उभा राहिला. त्या आवाजाला निळ्या शर्टवाले काका दिसत नव्हते. कुणीच दिसत नव्हतं.

संध्याकाळी तोफ घरी आली, चप्पल काढली आणि खुर्चीत बसली.

"मला... हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं," ती म्हणाली. "माईक... मशीनला दिला."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार?"

तो वाट बघत राहिला. आता ही उसळेल, आगारप्रमुखाच्या सात पिढ्या बाहेर काढील, त्याच्या टकलापासून त्याच्या गाडी मागे घ्यायच्या पद्धतीपर्यंत सगळ्याचा समाचार घेईल. त्याने पेपरसुद्धा खाली ठेवला होता.

"बरोबरच आहे... त्यांचं," तोफ म्हणाली, आणि मान खुर्चीला टेकून झोपली.

चौकटवाल्याला भीती वाटली. तिच्या आयुष्यात तिचं म्हणून जे एक होतं ते कुणीतरी काढून घेतलं होतं, आणि ती त्याच्यावर साधी चिडूही शकत नव्हती. आणि हे आगारप्रमुखाने केलं नव्हतं. रोज सकाळी कपबशीत घालून त्याने स्वतः केलं होतं. तो मोरीत गेला, नळ सोडला आणि लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी पलंगाशेजारी गोळीजवळ पाण्याचा पेला होता.

"आज... चहा नाही?"

"नंतर," तो म्हणाला, आणि तिच्या डोळ्याला डोळा भिडवायला नको म्हणून चप्पल घालून दुकानाकडे पळाला. त्यामुळे नंतरही चहा झाला नाही. रोजच तसं होऊ लागलं. त्याला वाटलं, गुपचूप चूक केली तशी गुपचूप सुधारली, मिटलं. एक गोष्ट त्याच्या डोक्यात आलीच नाही. गोळी वाया जातेय हे माहीत नसल्याने डॉक्टरने डोस वाढवत वाढवत नेला होता, आणि आता तो सगळाच्या सगळा बाईच्या अंगी लागणार होता.

पहिले काही आठवडे मजेचे गेले. शाल गेली. आवाज मोकळा झाला. पोटाचं वेळापत्रक सुधारलं. "अहो, मला भूक लागलीय," असं ती म्हणाली तेव्हा त्याला गहिवरून आलं. पण तोफ तिथे थांबली नाही. पंखा पाचवर आला आणि मानेवर ओला टॉवेल. झोप उडाली. पहाटेच उठून ती पडदे धुवायची, दुपारी तेच पडदे पुन्हा धुवायची. चौघांचं जेवण एकटी जेवायची आणि ब्लाउज सैल व्हायचे. हरवलेल्या सामानाच्या खोलीत वर्षानुवर्षं पडलेल्या छत्र्या, डबे, चष्मे यांचे मालक तिने फोन करकरून हुडकून काढले. एक गृहस्थ कचेरीत साहेबांसमोर बसलेला असताना त्याला फोन लावून "तुमची कवळी सापडलीय, घेऊन जा, इथे ती माझ्याकडे बघून हसतेय," असं तिने सांगितलं. घरी सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला तर तिने टीव्हीच्या वर आवाज काढला. एकाच वाक्यात ती भाजीवाली, लेकीचं लग्न आणि छताची गळती यांचा निकाल लावायची, आणि बोलताना तिच्या हातातली बशी खडखडत असायची. ती खडखड चौकटवाल्याला आवडत नव्हती.

आणि मग एका दुपारी कर्ण्यातून यंत्राचा आवाज मध्येच तुटला. खर्रर्र झालं आणि तोफ कडाडली.

तिने केबिनमध्ये घुसून यंत्राची पिन उपटली होती. दुपारपासून संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या गाड्या तिने दोन-चार मिनिटांत पुकारून टाकल्या. कुठली आत्ताची आणि कुठली चार तासांनंतरची, ऐकणाऱ्याला पत्ता लागेना. खाडीकडे जाणारी माणसं डोंगराच्या गाडीत बसली. फुटबॉलचा एक अख्खा संघ सामना सोडून भलत्याच गावी गेला. आगारप्रमुख धावत वर आला तेव्हा तिने त्यालाही माईकवरून बरंच काही सुनावलं, पण वेगापायी त्यातलं त्याला फारसं कळलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

दुकानात चौकटवाला आधी हसला. हातातला खिळा तसाच धरून, कर्ण्याकडे तोंड करून, मोठ्याने हसला. मग त्याला तिचा श्वास ऐकू आला. वाक्यावाक्याला धाप. मग एका शब्दाच्या मध्येच आवाज थांबला. तो दुकान उघडं टाकून धावला. तोफ केबिनमध्ये टेबल घट्ट धरून उभी होती. "छातीत काहीतरी पळतंय हो," ती म्हणाली. त्याने तिचं मनगट धरलं. नाडी मोजण्याइतकी थांबतच नव्हती.

डॉक्टरने तपासलं, हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ठोके आवरायची गोळी दिली. तोफ जरा शांत झाली तशी ती दोघांसमोर येऊन बसली.

"आता मला नीट सांगा. इतके महिने ही गोळी ढिम्म लागू पडत नव्हती. आणि आता एकदम इतकी? आणखी उशीर केला असतात तर हृदयाला झेपलं नसतं. काय बदललं घरात?"



"चहा," चौकटवाला म्हणाला. "गोळीबरोबर मी चहा देत होतो. रोज. तो बंद केला."

"चहा? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"आधी नव्हतं." त्याने घसा खाकरला. "मग कळलं. तरी देत राहिलो."

डॉक्टर तोंड उघडणार, एवढ्यात तोफ म्हणाली, "मला माहीत होतं."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"पहिल्याच दिवशी तुम्ही मला सांगितलं होतंत की, डॉक्टर. पाण्याबरोबर घ्या, तासभर चहा नको. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे चहा घेऊन उभे. इतक्या वर्षांत कधी पाण्याचा पेला हातात दिला नाही या माणसाने. चहाही कसला, नुसतं गोड दूध! नको कसं म्हणायचं? वाटलं, एका कपाने काय होतंय. मग दुसऱ्या दिवशीही आणला." तिने नाक ओढलं. "बंद केलात तेव्हा मला वाटलं, कौतुक संपलं."

डॉक्टरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे यांना माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं, आणि एवढं शिकून मी एकटीच इथे डोस वाढवत बसले होते," असं म्हणून तिने चिठ्ठीवरचा आकडा खाडकन खोडून निम्म्यावर आणला.

बाहेर आवारात एक बाकडं होतं. तोफेला चालायच्या आधी जरा बसायचं होतं. दोघं बसली.

"माझं सोडा, मी चहाला भुलले," ती म्हणाली. "पण तुम्हाला कळल्यावरही तुम्ही का देत होतात?"

खोटं बोलायची ही उत्तम वेळ होती. तू हिरमुसशील म्हणून, असं म्हणता आलं असतं, आणि तिने मानलंही असतं. चौकटवाल्याने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांवर काचेचे जुने ओरखडे होते.

"घर शांत होतं," तो म्हणाला.

तोफ गप्प झाली. एरवी तिच्या गप्प बसण्याने त्याला हायसं वाटायचं. आता प्रत्येक क्षण जड जात होता.

"एवढंच होतं तर सांगायचं ना," ती शेवटी म्हणाली. "गप्प बस म्हणून."

"सांगितलं असतं तर बसली असतीस?"

"नाही." तिने पदराने डोळे पुसले. "दिवसभर मी अख्ख्या स्थानकाशी बोलते हो. एकजण उलट बोलत नाही. संध्याकाळी वाटायचं, घरी एक माणूस आहे. मी काय भिंतीशी बोलत होते इतकी वर्षं? तुमच्याशी बोलत होते."

त्याला "हं" म्हणायची सवय होती. ते ओठांपर्यंत आलं आणि त्याने ते गिळलं. मग तिचा हात धरला. हात अजून थरथरत होता.

नवा डोस अंगी लागायला दोन महिने गेले. आकडा जागेवर आला, हातही स्थिर झाले. आगारप्रमुखाने फुटबॉलच्या संघाची माफी मागायला लावली आणि बऱ्याच घासाघिशीनंतर माईक परत दिला, पण निम्माच. दुपारनंतरची पाळी तिची, सकाळची यंत्राची. यंत्र काढायला तो तयार नव्हता. त्या निम्म्याचं पाप आपल्या माथी आहे हे चौकटवाल्याला ठाऊक होतं, आणि तिलाही. त्यावरून तिने त्याला अजून एकदाही बोल लावलेला नाही. ती लावील तर बरं, असं त्याला फार वाटतं.

सकाळी गोळी आणि पाण्याचा पेला तोच आणून देतो. मग तासभर चहा नाही. पूर्वी तो या तासाला दुकानाकडे पळे. आता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहतो, आणि ती ओट्याला टेकून बोलते. काल कुठल्या चालकाने काय केलं, कुणाची छत्री कुणी पळवली, सगळं एका दमात. पहिले काही दिवस त्याची नजर घड्याळाकडे जायची.

एके सकाळी ती आगारप्रमुखाने नवी खुर्ची मागवल्याचा किस्सा सांगत होती. बोलता बोलता तिनेच घड्याळ पाहिलं आणि थांबली.

"अहो, तास झाला. चहा टाका."

"टाकतो," तो स्टुलावरून न हलता म्हणाला. "आधी सांग, मग तो काय म्हणाला?"